प्रवासाचं विचारा : ट्रेन की विमान? आधी बॅग दाखवा

मागच्या अंकात मी जाता जाता एक ओळ लिहिली होती, की युरोपात एका देशातून दुसऱ्या देशात जाताना दर वेळी आधी विमानच कशाला शोधता, आणि त्या एका ओळीवर एवढी पत्रं आली की ह्या वेळचं अख्खं सदर त्यातच गेलं. सारखे प्रश्न एकत्र केलेत, कोणाचंही नाव छापलेलं नाही, नुसतं गाव दिलंय. आणि हो, मी अकरा वर्षं जर्मनीत कलोनला राहिलेय त्यामुळे माझा कल ट्रेनकडे आहे हे आधीच कबूल करते, पण खाली दोन-तीन ठिकाणी मीच विमान घ्या म्हटलंय तेही वाचा.

नाशिक : ताई नमस्कार. आम्ही दोघं, वय ६६ आणि ६२, मे महिन्यात चौदा दिवस युरोपला चाललोय, टूरबरोबर नाही, आपलं आपण. आधी पॅरिस, मग इंटरलाकेन, मग व्हेनिस, शेवटी रोम आणि परत पॅरिसहून मुंबई. मुलगा म्हणतो मधले सगळे प्रवास विमानाने करा, सव्वा तासात पोचाल. ह्यांचं म्हणणं ट्रेन. दोन मोठ्या बॅगा, दोन छोट्या. ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. कोणाचं ऐकू?

काकू, काकांचं ऐका, पण त्यांना एवढ्यात सांगू नका कारण गुडघ्याचा मुद्दा ट्रेनच्या विरोधात जातो, तो पुढे येतोच.

मुलगा जो सव्वा तास म्हणतोय ना, तो विमान हवेत असतं तेवढा वेळ. तुम्ही हवेत राहत नाही, हॉटेलात राहता. समजा पॅरिसहून झुरिकचं विमान सकाळी दहाला आहे. हॉटेलातून सातला निघायचं. शार्ल द गोल विमानतळ शहराबाहेर पंचवीस किलोमीटरवर. तिथे आरईआर बी नावाची लोकल जाते, पण सकाळच्या वेळी मोठ्या बॅगा घेऊन त्या लोकलमध्ये चढणं म्हणजे साडेआठला डोंबिवलीहून चढण्यासारखंच, म्हणजे मग टॅक्सी, तिचे साधारण साठ युरो. आठला पोचलात, बॅगा दिल्या (त्यांचे पैसे वेगळे बरं का, तिकिटाच्या स्वस्त दरात मोठी बॅग बहुतेक वेळा नसतेच), सिक्युरिटी, बेल्ट काढा, बूट काढा, काकांच्या गुडघ्यात धातू असेल तर मशीन वाजणार, मग त्यांना बाजूला घेऊन हाताने तपासणार. सव्वाअकराला झुरिक. पट्ट्यावरून बॅगा येईपर्यंत पावणेबारा. झुरिकचा विमानतळ तसा सोयीचा, स्टेशन खालीच आहे, पण तुम्हाला झुरिक नकोच आहे, तुम्हाला इंटरलाकेन हवंय! म्हणजे तिथून परत ट्रेन, सव्वादोन तासांच्या आसपास. दोन-अडीच वाजले. आणि शेवटी ट्रेनमध्ये बसलातच की.

आता दुसरं. पॅरिसचं गार द लियों स्टेशन, तिथून झुरिककडे जाणारी टीजीव्ही, म्हणजे फ्रान्सची वेगवान गाडी, पकडायची आणि बाझेलला उतरायचं, तीन तास. बाझेललाच गाडी बदलून इंटरलाकेन ऑस्ट, दोन तास. मधला वेळ धरून साडेपाच-सहा तास. आठच्या सुमाराला निघालात तर दोनच्या आसपास तिथे. घड्याळात फरक फार नाही, हे मी मुद्दाम सांगतेय कारण ट्रेनवाले लोक ट्रेन नेहमी लवकर पोचते असं ठोकून देतात आणि ते खरं नसतं. फरक आहे तो वेगळाच, विमानाच्या दिवशी तुम्ही सात तासांत सहा वेळा उठबस करता आणि बॅगा चार वेळा उचलता, ट्रेनच्या दिवशी बॅगा दोनदा चढवायच्या, मधल्या वेळात खिडकी आणि डबा उघडून दशम्या.

गुडघा. युरोपातल्या सगळ्याच स्टेशनांवर प्लॅटफॉर्म गाडीच्या उंचीचा नसतो, कित्येक ठिकाणी दोन-तीन पायऱ्या चढाव्या लागतात, आणि हमाल हा प्रकार नाही. विसराच. पॅरिस-झुरिकच्या गाड्या दुमजली असतात, तिकीट काढताना खालचा मजला निवडता येतो, तो निवडा, नाहीतर आतल्या आत अरुंद जिना चढायचा आणि वर बॅगा ठेवायला जागा शोधायची. चालायला त्रास असणाऱ्यांना स्टेशनवर मदतीचा माणूस फुकट मिळतो, युरोपियन युनियनच्या नियमाप्रमाणे चोवीस तास आधी कळवावं लागतं, तिकीट काढलं की लगेच हे काम करून टाका, लाजू नका. आणि दोन मोठ्या बॅगांच्या तीन मध्यम करता आल्या तर करा. मी तर म्हणते हाच खरा निर्णय आहे, ट्रेन का विमान हा नंतरचा. जी बॅग काकू एकट्या तीन पायऱ्या चढवू शकतात तीच बॅग ट्रेनची बॅग. नाही चढवता येत? मग बॅग बदला.

इंटरलाकेन ते व्हेनिस ह्यात विमानाचा विचारसुद्धा करू नका. स्पीत्सला गाडी बदलायची, तिथून मिलानची गाडी लोचबर्गचा ३४.६ किलोमीटरचा बोगदा आणि मग सिंप्लॉनचा जवळपास वीस किलोमीटरचा, तो १९०६ सालचा आहे, असे दोन बोगदे काढून इटलीत उतरते. मिलानहून व्हेनिस अडीच तास. मिलानो चेन्त्राले स्टेशन बघण्यासारखं आहे पण तिथे कोणी आपणहून बॅग उचलायला किंवा तिकीट मशीनवर मदत करायला आला तर हात जोडून नाही म्हणा. तिकीट व्हेनेझिया सांता लुचियाचं काढा, व्हेनेझिया मेस्त्रेचं नको, मेस्त्रे म्हणजे खाडीच्या अलीकडचं गाव. सांता लुचियाच्या पायऱ्या उतरलात की समोर सरळ ग्रँड कॅनाल, बोटी, घुमट, सगळं एकदम. विमानाने आलात तर हे असं समोर येत नाही, विमानतळापासून बस नाहीतर बोट करावी लागते.

व्हेनिस-रोम चार तास, त्या मार्गावर दोन कंपन्यांच्या वेगवान गाड्या एकमेकींशी स्पर्धा करतात त्यामुळे आधी काढलं तर तिकीट बरं मिळतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पॅरिसहून परत का येताय? मुंबई-पॅरिस जाताना आणि रोम-मुंबई येताना असं तिकीट काढा, बुकिंग करताना मल्टी-सिटी असा पर्याय असतो, बऱ्याचदा जाऊन-येऊनच्याच भावात मिळतं. रोम-पॅरिस हा तुमच्या यादीतला एकच प्रवास खरा विमानाचा होता आणि तो करायचीच गरज नाही.

युरेल पासबद्दल, म्हणजे बऱ्याच देशांतल्या गाड्यांत चालणाऱ्या एकाच पासबद्दल, विचारलंय पुढे. तीन प्रवासांसाठी नको. पास असला तरी फ्रान्सच्या टीजीव्हीत आणि इटलीच्या वेगवान गाड्यांत सीटचं रिझर्वेशन वेगळं पैसे देऊन घ्यावंच लागतं, हे पास विकताना कोणी ठळक अक्षरात सांगत नाही. सुटी तिकिटं तीन-चार महिने आधी काढा.

ठाणे : भाऊ लंडनला असतो. आम्ही आधी पॅरिस बघणार, मग युरोस्टार ट्रेनने लंडनला भावाकडे आठ दिवस, मग तिथून अॅमस्टरडॅम आणि परत मुंबई. शेंगेनचा व्हिसा आलाय, यूकेचा पण आलाय. लंडन-अॅमस्टरडॅम ट्रेन बरी की फ्लाइट?

थांबा. तिकीट काढू नका. आधी पासपोर्ट उघडा आणि शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाच्या, स्टिकरवर एंट्रीजच्या पुढे काय छापलंय ते बघा. ०१ असेल तर तुमचा प्लॅन लंडनलाच संपतो. पॅरिसला उतरलात ही पहिली एंट्री, लंडनला गेलात म्हणजे शेंगेनच्या बाहेर पडलात, आणि अॅमस्टरडॅमला जाणं ही दुसरी एंट्री, जी तुमच्याकडे नाही. दिवस शिल्लक असले तरी उपयोग नाही. ट्रेन असो विमान असो बस असो, काही फरक पडत नाही. ०२ किंवा एमयूएलटी (म्हणजे अनेक वेळा) असेल तर चिंता नाही.

०१ असेल तर उपाय सोपा आहे, क्रम बदला. मुंबई-लंडन आधी, भावाकडे राहा, मग युरोस्टारने पॅरिस, पॅरिसहून ट्रेननेच अॅमस्टरडॅम साडेतीन तासांच्या आत, तिथून मुंबई. शेंगेनमध्ये एकदाच शिरलात, एकदाच निघालात. फक्त एक बघा, व्हिसा ज्या देशाने दिला त्या देशात तुमचा मुक्काम सगळ्यात जास्त दिवस हवा, क्रम बदलताना ते गणित बिघडवू नका.

ह्याच कारणासाठी आणखी एक सांगते, स्वस्त विमान शोधताना पॅरिस-रोम व्हाया लंडन असलं काहीतरी समोर येतं आणि चाळीस युरो वाचतात म्हणून लोक ते घेतात. शेंगेनच्या आत फिरताना मधला स्टॉप शेंगेनच्या बाहेर आला की काय होतं ते वर वाचलंत. ट्रेनमध्ये नकाशाच डोळ्यासमोर असतो त्यामुळे असली फसगत होत नाही. सध्या शेंगेनमध्ये २९ देश आहेत, क्रोएशिया २०२३ मध्ये आला, बल्गेरिया-रुमानियाच्या जमिनीवरच्या हद्दीही १ जानेवारी २०२५ पासून उघडल्या. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही पण शेंगेनमध्ये आहे. यूके दोन्हीत नाही, आयर्लंड युनियनमध्ये आहे पण शेंगेनमध्ये नाही.

आता ट्रेन की फ्लाइट. क्रम बदललात की लंडन-अॅमस्टरडॅम हा टप्पाच राहत नाही, उरतो लंडन-पॅरिस, आणि तो ट्रेननेच, डोळे मिटून. सव्वादोन तासांच्या आसपास, सेंट पँक्रासहून थेट गार द्यु नोर. दोन्ही शहरांच्या पोटातून पोटात. फक्त ही गाडी बाकीच्या गाड्यांसारखी धावत जाऊन पकडता येत नाही, कारण पासपोर्ट तपासणी चढायच्या आधी होते आणि फ्रेंच पोलीस लंडनच्याच स्टेशनवर बसलेले असतात, म्हणजे तुम्ही लंडनमध्ये उभे असता पण कागदोपत्री फ्रान्समध्ये शिरलेले असता. ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे आणि फोटोची नवी पद्धत सुरू झालीय, त्याला वेळ जातो, तेव्हा दीड तास आधी पोचा. बदल्यात पॅरिसला उतरलं की सरळ बाहेर, रांगच नाही. सामान दोन बॅगा आणि एक हातातली, वजनकाटा नाही. भावाच्या बायकोने काय काय बांधून दिलं तरी कोणी किलो मोजणार नाही.

आखेन, जर्मनी (मूळ गाव लातूर) : ताई, मी इथे मास्टर्स करतोय. डिसेंबरच्या सुट्टीत तीन मित्रांबरोबर मिलान आणि पॅरिस करायचंय. कलोनहून मिलानचं विमान १९ युरोला दिसतंय आणि ट्रेन नव्वदच्या पुढे. ट्रेन एवढी महाग का, आणि १९ युरो खरे का?

तुला अरे-तुरे करते, चालेल ना. मिलानला विमानाने जा. झालं. तुझ्याकडे पाठीवरची एक सॅक आहे, वय तेवीस, आणि आखेनहून मिलान ट्रेनने म्हणजे नऊ-दहा तास, त्यातला अर्धा रस्ता जर्मनीतला. जर्मन लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी २०२४ मध्ये फक्त ६२.५ टक्के वेळेवर होत्या, आणि वेळेवर म्हणजे सहा मिनिटांच्या आतला उशीर धरतच नाहीत, ती सूट देऊनसुद्धा एवढेच. स्विस लोकांनी तर सरळ मार्ग काढलाय, उशिरा आलेली जर्मन गाडी ते बऱ्याचदा बाझेललाच संपवतात, पुढे आपलं वेळापत्रक बिघडवायला देत नाहीत, माणसं उतरून दुसऱ्या स्विस गाडीत. मला ह्याचा रागही येतो आणि कौतुकही वाटतं.

पण १९ युरो खरे नाहीत. मिलान लिहिलेलं असतं आणि उतरवतात बेर्गामोला, मिलानपासून पन्नास किलोमीटर, बसचे दहाएक युरो आणि एक तास. हे सगळीकडेच आहे, पॅरिस म्हणून बोव्हे, ते ऐंशीच्या वर किलोमीटर लांब, आणि फ्रँकफर्ट म्हणून हान विकायचे ते तर फ्रँकफर्टपासून एकशेवीस. म्हणजे पुण्याचं तिकीट काढून साताऱ्याला उतरवल्यासारखं. फुकटची सॅक एवढी छोटी की सीटखाली मावली पाहिजे, थंडीचं जाकीट अंगावर घाल, सॅकमध्ये कोंबू नकोस. आणि तुझ्याकडे भारतीय पासपोर्ट आहे हे विसरू नकोस. काही स्वस्त कंपन्या युरोपियन नसलेल्या प्रवाशांना ऑनलाइन चेक-इन झाल्यावरसुद्धा काउंटरवर जाऊन कागद दाखवायला लावतात, तुझे जर्मन मित्र सरळ गेटवर जातील आणि तू म्हणशील मीपण जातो, आणि गेटवरून परत पाठवतील. रेसिडेन्स परमिट आणि पासपोर्ट दोन्ही बरोबर, फोटो नाही, खरे.

पॅरिस मात्र ट्रेननेच. आखेनहून थेट वेगवान गाडी आहे, तीन तासांच्या आतबाहेर, लवकर काढलंस तर तिकीट परवडतं.

महाग का, ह्याचं उत्तर थोडक्यात देते. आंतरराष्ट्रीय विमानांच्या इंधनावर कर नाही, ही पद्धत १९४४ च्या शिकागो कराराच्या काळापासून चालत आलीय आणि युरोपनेही व्यापारी विमानांना ती सूट ठेवलीय. ट्रेनला मात्र प्रत्येक किलोमीटरला रुळांचं भाडं भरावं लागतं, आणि हद्द ओलांडली की दुसऱ्या देशाच्या रुळांचं, तिथल्या दराने. त्यात आणखी काय काय गुंता आहे ते खालच्या काकांच्या पत्रात आलंय, तेही वाच, तुझ्या इंजिनियरिंगला बरं आहे.

भुसावळ : मी रेल्वेतून लोको विभागातून निवृत्त झालो. सून-मुलगा म्युनिकला आहेत, तिकडे जाऊन आलो. म्युनिकहून व्हेरोना गेलो तर गाडी मध्ये हद्दीवर बराच वेळ थांबली. एवढा पुढारलेला युरोप, मग हद्दीवर गाडी का अडखळते? गेज एकच आहे ना?

काका, हे पत्र मी तीनदा वाचलं. बहुतेक ठिकाणी गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, एकच, १४३५ मिलिमीटर. स्पेन-पोर्तुगालचं जुनं जाळं १६६८, आपल्या ब्रॉडगेजपेक्षा फक्त आठ मिलिमीटर कमी, तुम्हाला तिथे घरच्यासारखं वाटेल. स्पेनने वेगवान मार्ग मात्र १४३५ चे बांधले म्हणून पॅरिसची गाडी थेट बार्सिलोनाला जाते. बाल्टिक देशांत १५२०.

अडचण गेजची कमी आणि विजेची जास्त. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड १५ हजार व्होल्ट, १६.७ हर्ट्झ. इटलीचे जुने मार्ग ३००० डीसी, बेल्जियमही बराचसा तसाच. फ्रान्सचे नवे मार्ग २५ हजार आणि दक्षिणेतले जुने १५०० डीसी. नेदरलँड्स १५०० डीसी. तुम्ही ब्रेनर खिंडीतून गेलात, तिथे ऑस्ट्रियाची वीज संपते आणि इटलीची सुरू होते. आपल्याकडे इगतपुरीला काय व्हायचं? मुंबईकडून १५०० डीसीचं इंजिन यायचं, पुढे एसी, मग इंजिन बदला, आणि तेवढ्यात आपण खाली उतरून चहा-वडा. पंजाब मेल भुसावळला यायची ती हे करूनच ना. तसंच ब्रेनरला. हल्ली दोन-तीन विजांवर चालणारी इंजिनं आहेत पण ती महाग, आणि प्रत्येक देशाचे सिग्नल वेगळे, ड्रायव्हरला तिथल्या नियमांची परीक्षा वेगळी, त्यामुळे इंजिन नाही बदललं तरी माणूस बदलतो. युरोस्टार १९९४ मध्ये सुरू झाली तेव्हा फ्रान्समध्ये २५ हजार व्होल्टवर ताशी ३०० ने धावायची आणि इंग्लंडमध्ये शिरली की लंडनच्या लोकलच्या वीज वाहणाऱ्या तिसऱ्या रुळावरचे ७५० व्होल्ट घेऊन रांगायची, हे २००७ पर्यंत चाललं.

आणि एक तुमच्यासाठी राखून ठेवलंय. फ्रान्समध्ये गाड्या आपल्यासारख्या डावीकडून धावतात, जर्मनीत उजवीकडून. पण फ्रान्सच्याच अल्सासमध्ये, म्हणजे स्ट्रासबुर्गकडे, उजवीकडून! कारण १८७१ ते १९१८ तो भाग जर्मनीत होता, रूळ-सिग्नल त्यांच्या पद्धतीचे झाले, परत आल्यावर कोणी बदलले नाहीत. जुन्या हद्दीवर पूल बांधून रूळ एकावरून एक नेऊन बाजू बदलतात. विमानात बसून हे दिसत नाही, काका, तुम्ही पुढच्या वेळी पॅरिस-स्ट्रासबुर्ग जुन्या मार्गाने करा.

पुणे : तुम्ही ट्रेनची फारच भलामण करता. आमची पहिली गाडी चाळीस मिनिटं लेट झाली, दुसरी चुकली, नवं तिकीट पूर्ण भावाने काढावं लागलं. विमान लेट झालं तर निदान भरपाई तरी मिळते.

तुमचं म्हणणं निम्मं मान्य. दोन्ही गाड्यांची तिकिटं वेगवेगळी काढली होतीत, तुम्हीच लिहिलंय. एकाच तिकिटावर पूर्ण प्रवास असता तर पहिली गाडी लेट झाल्यावर पुढे पोचवायची जबाबदारी त्यांची. दोन सुटी तिकिटं स्वस्त पडतात पण मधला धोका आपला. तसंच करायचं असेल तर मध्ये दीड-दोन तास ठेवा. विमानाचंही तेच आहे.

भरपाईत विमान पुढे आहे हे खरं. तीन तास किंवा जास्त उशीर आणि चूक कंपनीची असेल तर दीड हजार किलोमीटरपर्यंत २५० युरो, मग तिकीट १९ युरोचं का असेना. ट्रेनमध्ये तिकिटाच्या किमतीवर, एक तासाच्या पुढे पंचवीस टक्के, दोन तासांच्या पुढे पन्नास. दोन्हीकडे आपण मागितल्याशिवाय देत नाहीत.

कोल्हापूर : वय ३४, एकटी जातेय, व्हिएन्ना ते व्हेनिस रात्रीची ट्रेन घ्यायची मनात आहे, हॉटेलचा एक दिवस वाचेल. घरचे घाबरलेत. एकट्या बाईने जावं का?

जावं. फक्त बसायची सीट घेऊ नका, पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा. कुशेत म्हणजे चार किंवा सहा बर्थचा कप्पा, आपल्या थ्री-टायरचा चुलत भाऊ पण दार असलेला, आतून लॉक होतं, आणि ऑस्ट्रियन रेल्वेच्या नाइटजेटमध्ये फक्त बायकांचा कप्पा मागता येतो, बुक करतानाच निवडायचा. डब्याचा अटेंडंट असतो, सकाळी उतरायच्या आधी उठवतो, दोन पाव, लोणी, जॅम आणि कॉफी देतो. झोप आपल्या गाड्यांपेक्षा वेगळी लागत नाही, ज्यांना महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये झोप लागते त्यांना इथेही लागेल, ज्यांना नाही त्यांनी दिवसाची गाडी घ्या, ती आल्प्समधून जाते आणि डोळ्यांना तेवढंच सुख.

एक गोष्ट मात्र शिकून ठेवा, मी फजिती करून शिकलेय. रात्रीच्या गाड्या मध्येच तुटतात. म्हणजे एकाच गाडीचे काही डबे एका देशाला, काही दुसऱ्या, मध्यरात्री कुठल्यातरी स्टेशनवर वेगळे करतात. मी नवी नवी होते, म्युनिकहून व्हेनिसला निघाले, माझ्या डब्यात कोणीतरी घोरत होतं म्हणून शेजारच्या डब्यात रिकामी जागा दिसली तिथे जाऊन आडवी झाले. सकाळी उठले तर बाहेर पाट्या स्लोव्हेनियन. बॅग व्हेनिसला, मी ल्युब्लियानाला, आणि बॅगेत पासपोर्ट. बॅग मिळाली, दोन दिवसांनी, पण तेव्हापासून पासपोर्ट उशीच्या अभ्र्यात असतो. डब्याचा नंबर आणि दारावरची पाटी, दोन्ही बघून चढा, आणि घोरणाऱ्याला सहन करा.

पाट्यांवरून आठवलं, गावांची नावं देशागणिक बदलतात. इटलीत म्युनिकला मोनाको म्हणतात, बोर्डावर मोनाको बघून लोक समुद्रकिनाऱ्याच्या स्वप्नात चढतात. व्हिएन्ना जर्मनमध्ये वीन, चेकमध्ये व्हीडेन. फ्रान्सच्या लील शहराला बेल्जियममधल्या फ्लेमिश भाषेच्या पाटीवर राइसेल लिहिलेलं असतं. तिकिटावर आहे त्या नावाबरोबर गाडी नंबर जुळवा, नंबर कुठल्याही भाषेत तोच.

डोंबिवली : नातू म्हणतो आजी विमानाने जाऊ नकोस, पृथ्वी तापते. खरंच एवढा फरक पडतो?

पडतो. युरोपच्या पर्यावरण संस्थेने २०१८ च्या आकड्यांवरून काढलेला हिशोब असा, की एका माणसामागे दर किलोमीटरला ट्रेनचे ३३ ग्रॅम आणि विमानाचे १६० ग्रॅम. फ्रान्सने २०२३ मध्ये अडीच तासांत ट्रेन पोचते तिथली देशातली विमानं बंद केली, गाजावाजा मोठा झाला, प्रत्यक्षात पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरून बोर्दो, लियों आणि नांत असे तीनच मार्ग बंद झाले. नातवाला हेही सांगा की मुंबई ते पॅरिस सात हजार किलोमीटर आजी विमानानेच येणार, त्याला इलाज नाही. तिथे पोचल्यावर मात्र त्याचं ऐका.

औरंगाबाद : माद्रिद, लिस्बन आणि अथेन्स. ट्रेनने कसं जमवावं?

जमवू नका. माद्रिद आणि लिस्बन दोन राजधान्या शेजारी शेजारी, पण २०२० मध्ये रात्रीची गाडी बंद पडल्यापासून थेट ट्रेन नाही, दोन-तीन गाड्या बदलत अख्खा दिवस जातो. अथेन्सला तर विचारूच नका. मधले दोन्ही टप्पे विमान, छोटी बॅग, आणि मनाला लावून घेऊ नका.

सोलापूर : शेंगा चटणी, लिंबाचं लोणचं आणि घरचं तूप न्यायचंय मुलीला, ती ब्रसेल्सला आहे. आम्ही मुंबईहून पॅरिसला उतरून पुढे ट्रेनने जाणार. अडवतील का?

ट्रेनमध्ये कोणी विचारणार नाही, पॅरिस-ब्रसेल्स दीड तासाच्या आत संपतं आणि तिथे विमानासारखा पातळ पदार्थांना शंभर मिलिलिटरचा नियम नाही. अडवतील तर पॅरिसच्या विमानतळावर. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे तूप, पेढे, खव्याचं काहीही घरीच ठेवा, लोणी तिथे उत्तम मिळतं, मुलगी कढवेल. लोणचं हातातल्या बॅगेत नको, तेल सुटतं आणि सिक्युरिटीवाले त्याला पातळ पदार्थ धरतात, मोठ्या बॅगेत दोन पिशव्यांत घट्ट बांधून. शेंगा चटणी बिनधास्त न्या, फक्त त्या दीड तासाच्या गाडीत डबा उघडू नका, लसणाचा वास अख्ख्या डब्यात फिरतो आणि मग शेजारचा मागतो. मी अनुभवाने सांगतेय, मुलीपर्यंत अर्धीच पोचेल.